प्रीमिअरच्या प्रोजेक्ट फाइली आहेत, व्हिडिओ नाही: दशावताराची जुनी रेकॉर्डिंग्ज नेटवर कशी चढवायची?

पायपेटी | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत २००७ ते २०१० या काळात झालेले दशावताराचे प्रयोग एका स्थानिक स्टुडिओने मिनी डीव्ही टेपवर घेतले होते. एडिटिंगही त्यांचंच. गावात डीव्हीडी वाटल्या गेल्या, त्यांना आता बुरशी लागली आहे. स्टुडिओ केव्हाच बंद झाला, पण मालकांनी हार्ड डिस्क सांभाळून देवस्थानाकडे दिली आणि ती फिरत फिरत ठाण्यात माझ्याकडे आली आहे.

डिस्कवर प्रत्येक नाटकाचं एक फोल्डर. त्यात 'फायनल', 'फायनल २', 'फायनल फायनल नवीन' अशा नावांच्या पीआरप्रोज (प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट) फाइली, प्रत्येकी दोन-तीन एमबी. ऑनलाइन कन्व्हर्टर त्यांना हातच लावत नाहीत. बाजूला भल्यामोठ्या एव्हीआय फाइली आहेत. त्या व्हीएलसीत चालतात, पण त्यात कापाकापी झालेली नाही, नावं नाहीत, आणि पात्रं जोरात हलली की कडांना आडव्या रेघा सुटतात.

मला हवंय ते एवढंच: एडिट केलेलं नाटक, कलाकारांच्या नावांसकट, यूट्यूबवर आणि देवस्थानाच्या वेबसाइटवर. कुठलं सॉफ्टवेअर, कुठला फॉरमॅट?

घाटपायथा | शुक्रवार, रात्री १०:३१

दोन एमबीत अख्खी रात्र मावली असती तर आम्ही हार्ड डिस्का कशाला विकत घेतल्या असत्या :)

एव्हीआय चालतायत ना? हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये टाका, एमपी४ काढा, विषय संपला.

फ्रेमवाला | शुक्रवार, रात्री ११:०५

विषय संपत नाही. एव्हीआय म्हणजे कच्चा माल झाला, त्यांना एडिट हवंय.

पायपेटीताई, कन्व्हर्टरचा नाद सोडा. पीआरप्रोज फाइलीत चित्र नसतं, आवाजही नसतो. कुठल्या क्लिपचा कुठला तुकडा घेतला, कशाला जोडला, वर कुठलं टायटल, आवाज किती चढवला, एवढीच नोंद असते. वाण्याकडची यादी म्हणा हवं तर. यादी चुलीवर ठेवून भात शिजत नाही. हे फक्त प्रीमिअरचं नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या एडिटरांची प्रोजेक्ट फाईल म्हणजेही निव्वळ एक्सएमएल, खुणा घातलेला साधा मजकूर. रिझॉल्व्ह हा एडिटर तर प्रोजेक्ट आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यातून काढलेल्या डीआरपी फाइलीतही मीडिया नसतो. त्यामुळे 'प्रोजेक्ट कन्व्हर्ट करून देतो' म्हणणाऱ्या साइटला पैसे देऊ नका. मीडियाशिवाय कोणीच काही करू शकत नाही.

तुमच्याकडे मीडिया आहे ही मोठी गोष्ट. त्या एव्हीआय बहुतेक टेपवरून थेट उतरवलेल्या डीव्ही असणार. तासाला साधारण १३ जीबी भरतात. ताडून बघा आणि सांगा.

तोवर एक काम करा. आधी डिस्कची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि इथून पुढचं सगळं त्या कॉपीवर. पंधरा वर्षांची डिस्क आहे, रोज चालू-बंद करू नका.

पायपेटी | शनिवार, सकाळी ९:४०

कॉपी लावली आहे. हो, एका तासाच्या फाइलीला १३ जीबीच्या आसपासच भरतंय. फोल्डरमध्ये 'प्रीव्ह्यू फाइल्स' नावाचा आणखी एक फोल्डर आहे, त्यात शेकडो छोटे व्हिडिओ. ते जोडून नाटक होणार नाही का?

फ्रेमवाला | शनिवार, सकाळी १०:१५

नाही. एडिट करताना अडखळू नये म्हणून प्रीमिअरने जिथे इफेक्ट किंवा टायटल आहे तेवढाच भाग आधी शिजवून ठेवलेला असतो. सीएफए आणि पीईके फाइली दिसतील, सीएफए म्हणजे आवाजाच्या कामचलाऊ प्रती आणि पीईके म्हणजे आवाजाच्या लहरींची चित्रं, त्याही पुन्हा तयार होतात. डिस्कवरून उडवू मात्र नका, उगाच घाई कशाला.

आता मुख्य काम. प्रोजेक्ट फाईल आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. जुन्या आवृत्तीची असेल तर सरळ एक्सएमएल दिसेल. कचरा दिसला तर ती गझिपने दाबलेली आहे, ७-झिपने उघडा, आत तेच एक्सएमएल. त्यात 'फाइलपाथ' शोधा. प्रत्येक क्लिप स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर कुठे ठेवली होती तो पत्ता मिळेल. समजा सगळे पत्ते 'ई' ड्राइव्हवरच्या 'कॅप्चर' फोल्डरचे निघाले, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तुमच्या कॉपीच्या डिस्कला 'ई' हे अक्षर द्या आणि फोल्डरची नावं अगदी तशीच ठेवा. मग प्रोजेक्ट उघडताना प्रीमिअर एकही क्लिप विचारणार नाही. हे न करता उघडलंत तरी बिघडत नाही, 'लिंक मीडिया'ची खिडकी येते, एक क्लिप दाखवली की त्याच फोल्डरातल्या बाकीच्या तो आपणच शोधतो. पण पाचशे क्लिपा वेगवेगळ्या फोल्डरांत असतील तर पहिला मार्ग सुखाचा.

प्रीमिअर लागेलच. सात दिवसांची ट्रायल मिळते, नाहीतर एक महिन्याचं भाडं भरा आणि सगळी नाटकं त्यात उरका. एक सावधगिरी: नवी आवृत्ती जुना प्रोजेक्ट नव्या रूपात बदलून घेते, तो परत जुन्यात उघडत नाही. मूळ फाईल वेगळी ठेवून नव्या नावाने सेव्ह करा.

मालवणी मेवा | शनिवार, सकाळी ११:२०

माका ह्या वाचून बरा वाटला. आमच्या मामांकडे पण असली एक डिस्क आसा, कपाटात पडान. वाचनखूण साठवली.

पायपेटी | रविवार, दुपारी ४:५०

'ई' ड्राइव्हची युक्ती लागू पडली! पहिलं नाटक पूर्ण उघडलं, क्लिपा सगळ्या जागेवर. पण टायटलं गेली. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, सूत्रधार, हार्मोनियम, पखवाज, झांज, सगळ्यांची नावं जिथे होती तिथे रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा.

शिरोरेखा | रविवार, संध्याकाळी ६:०२

अपेक्षितच होतं. त्या काळातले स्टुडिओ श्रीलिपी नाहीतर सी-डॅकचे इस्फॉक फॉन्ट वापरायचे. श्री-देव-०७०८ किंवा डीव्हीबी-टीटी-योगेश अशी नावं प्रोजेक्टच्या एक्सएमएलमध्ये सापडतील, बघा. ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांतले, नव्हते. आतमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत, वर फॉन्टने देवनागरीचे आकार चढवलेले. फॉन्ट नसला की आतला संकेत उघडा पडतो, तोच तुम्हाला दिसतोय.

उपाय दोन. ज्या नावाचा फॉन्ट आहे तोच मिळवून बसवा, टायटलं जशीच्या तशी परत येतील. गावातल्या जुन्या छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे चौकशी करा, त्यांच्याकडे हे फॉन्ट हमखास असतात. नाही मिळाला तर टायटलं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी दोन्ही फुकट आहेत. नव्याने टाइप करणार असाल तर प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडायला विसरू नका. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. 'रिद्धी' मग कशी दिसेल ते सांगत नाही.

नावं डीव्हीडीच्या चालू असलेल्या प्रतीवरून किंवा जत्रेच्या जुन्या पत्रिकेवरून ताडून घ्या. कलाकारांची नावं अंदाजाने लिहू नयेत.

घाटपायथा | रविवार, संध्याकाळी ६:४०

टायटलं झाली की थेट एच२६५ या नव्या कॉम्प्रेशनमध्ये काढा. एच२६४ म्हणजे २००३ सालचं तंत्र, दुप्पट साइज. नाहीतर एव्ही१ करा, २०१८ पासून आहे आणि रॉयल्टीची कटकटही नाही.

फ्रेमवाला | रविवार, रात्री ९:१५

घाटपायथा, साइज कमी होते हे खरं, पण बघणार कोण? एच२६५ ब्राउझरमध्ये चालेल की नाही हे बघणाऱ्याच्या मशीनवर ठरतं. एव्ही१ चं म्हणाल तर ॲपलच्या फोनांत ते हार्डवेअरमध्ये यायला २०२३ चा आयफोन १५ प्रो उजाडला. गावातल्या काकांचा सहा वर्षांपूर्वीचा फोन आणि देवस्थानच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, दोन्हींवर काही न विचारता चालतो तो एमपी४, आत एच२६४ चित्र आणि एएसी आवाज. वेबसाइटसाठी तोच. यूट्यूबला काहीही द्या, ते स्वतः पुन्हा एन्कोड करतातच. म्हणून तिथे लहान नव्हे, दणदणीत फाईल द्यायची.

आता क्रमाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी याच टप्प्यावर होते.

प्रीमिअरमधून थेट वेबची फाईल काढू नका. आधी मास्टर, म्हणजे जपायची मूळ प्रत: प्रोरेस ४२२ (एडिटिंगचा भारी दर्जाचा फॉरमॅट), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, फील्ड ऑर्डर (फील्ड म्हणजे अर्धं चित्र, त्यांचा क्रम) 'लोअर फर्स्ट', म्हणजे जसं टेपवर होतं तसंच. २०१८ च्या अखेरीपासून विंडोजवरच्या प्रीमिअरमध्येही प्रोरेस मिळतं. तासाला १८ जीबीच्या आसपास जाईल, जाऊ दे. हा मास्टर जपून ठेवायचा. उद्या नवा फॉरमॅट आला तर प्रीमिअरकडे परत जावं लागणार नाही. ज्यांना आणखी चोख हवंय ते पुढे त्याचं एफएफव्ही१ (काहीही न गमावता दाबणारा प्रकार) करून एमकेव्हीत ठेवू शकतात, बऱ्याच अर्काइव्हजमध्ये तीच रीत आहे.

मग मास्टरवरून वेबची प्रत, हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या साधनाने. तुम्हाला ज्या आडव्या रेघा दिसतायत तो बिघाड नाही. पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीत एका सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. टीव्ही ती आळीपाळीने दाखवायचा. कॉम्प्युटर दोन अर्धी एकत्र करून एक चित्र दाखवतो आणि मधल्या वेळात तलवार चार बोटं पुढे गेलेली असते. म्हणून डीइंटरलेस करायचं, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं बनवायची. इथे बहुतेक लोक २५ फ्रेमवर थांबतात आणि निम्मी हालचाल फेकून देतात. दशावतारातलं युद्धनृत्य असं मारू नका. एफएफएमपेगमध्ये बीडब्ल्यूडिफ फिल्टर 'प्रत्येक फील्डची एक फ्रेम' या रीतीने लावा. हँडब्रेकमध्ये यॅडिफ निवडून प्रीसेट 'बॉब', फ्रेमरेट ५०. गिरक्या जशा मंडपात बसून बघितल्या तशा दिसतील.

दुसरं, डीव्हीचे पिक्सेल चौकोनी नसतात. ७२० बाय ५७६ तसंच ढकललं तर सगळी पात्रं किंचित शिडशिडीत होतात. ४:३ चित्रीकरण असेल तर ९६० बाय ७२० करा. आकार वाढवण्याला आणखी एक कारण आहे: यूट्यूब ५० फ्रेमचा व्हिडिओ ७२०पी आणि त्यावरच ५० ने दाखवतं, खाली गेलं की २५. मी तर यूट्यूबसाठी १४४० बाय १०८० करतो. १०८०पी ५० साठी त्यांची शिफारस १२ एमबीपीएसची आहे, तेवढा किंवा जास्त बिटरेट (सेकंदाला किती डेटा) द्या.

तिसरं, रंग. जुन्या एसडी व्हिडिओचं रंगाचं गणित ६०१ या मानकाचं, एचडीचं ७०९ चं. आकार वाढवताना हे बदललं नाही तर लाल आणि हिरवा सरकतात. तुम्हाला संकासुराच्या लाल जिभेवर लगेच कळेल.

पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे रंग किती बारकाईने नोंदवायचे ते, ४:२:० आठ बिट हवा. प्रोरेस १० बिट ४:२:२ असतं, एफएफएमपेगला वेगळं सांगितलं नाही तर तो तसंच एच२६४ बनवतो आणि मग फाईल कॉम्प्युटरवर व्हीएलसीत चालते, फोनवर काळा पडदा. 'माझ्याकडे तर चालतंय' हा वाद तिथूनच सुरू होतो.

शेवटी 'फास्टस्टार्ट'. हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. एमपी४ ची अनुक्रमणिका एरवी फाइलीच्या शेपटाला असते, याने ती पुढे येते आणि व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधी सुरू होतो.

पायपेटी | सोमवार, रात्री ८:३०

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. श्री-देव-०७०८ च निघाला, आणि तो खरोखरच कणकवलीतल्या एका छापखान्यात सापडला! नावं परत आली.

फ्रेमवाला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ९६० बाय ७२०, ५० फ्रेम केलं, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) २३ ठेवून. युद्ध अप्रतिम दिसतंय, रेघा गेल्या. पण संकासुर येतो तो सगळा प्रवेश खराब आहे. काळा पेहराव, मागे काळोख, एका बाजूला हॅलोजन. त्याच्या अंगावर चौकटी-चौकटी नाचतात. मूळ एव्हीआयत तेवढ्या नाहीत. आणि हेडफोन लावला तर आवाज फक्त डाव्या कानात.

फ्रेमवाला | सोमवार, रात्री ९:४५

काळोखावर एन्कोडर बिटा वाचवतो, त्याला वाटतं इथे बघण्यासारखं काही नाही. त्यात रात्री गेन वाढवून घेतलेल्या डीव्हीत दाणे असतात, तेही त्याला झेपत नाहीत. सीआरएफ १९ वर आणा, प्रीसेट 'स्लो', आणि एक्स२६४ या एच२६४ बनवणाऱ्या एन्कोडरच्या जादा पर्यायांत एक्यू-मोड ३ द्या, तो अंधाऱ्या भागांना झुकतं माप देतो. त्याआधी डीनॉइज (दाणे पुसणारा फिल्टर) अगदी हलका, एचक्यूडीएन३डी 'लाइट'. जास्त दिलात तर रंगवलेल्या चेहऱ्यावरच्या बारीक रेषा पुसल्या जातील, त्यापेक्षा दाणे परवडले.

आवाज एकाच चॅनलवर म्हणजे पायपेटीपुढचा माइक डाव्या ट्रॅकवर गेला असणार. उजवा ट्रॅक एकदा ऐकून बघा. कधीकधी तिथे कॅमेऱ्याचा माइक असतो, प्रेक्षकांच्या आवाजासकट, तो थोडा मिसळला तर जत्रा जिवंत होते. रिकामा असेल तर डावा दोन्हीकडे घ्या. एएसी १९२ केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ. पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या पातळीचं माप) जवळपास, पण झांजेवर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा फिल्टर) लावल्याशिवाय आवाज चढवू नका.

चिपळूणकर_नाही | सोमवार, रात्री १०:२०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एआय अपस्केल करा की. ४के होतं.

शिरोरेखा | सोमवार, रात्री १०:३३

एका ओळखीच्यांनी लग्नाच्या जुन्या कॅसेटवर केलं होतं. आजीची नथ तीळ झाली आणि भटजींना नवे दात आले. दशावतारात पुरुषांनी रंगवलेली स्त्रीपात्रं आहेत, त्या चेहऱ्यांचं ते यंत्र काय करील देव जाणे. मास्टर साधाच ठेवा, हौस म्हणून वेगळी प्रत कोणी केली तर करो.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

माहितीपूर्ण धागा. एक सुचवू का? हे यूट्यूबबरोबर विकिमीडिया कॉमन्सवरही, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्र-व्हिडिओ संग्रहातही टाका. मराठी विकिपीडियावरच्या दशावताराच्या लेखात थेट वापरता येईल. तिथे एमपी४ घेत नाहीत, वेबएम लागतो, व्हीपी९ किंवा एव्ही१. घाटपायथांचं एव्ही१ इथे कामी येईल बघा :) 'व्हिडिओ टू कॉमन्स' नावाचं साधन रूपांतरही करून देतं.

पण तिथे मुक्त परवाना द्यावा लागतो, कोणालाही कमाईसाठीसुद्धा वापरता येईल असा. तो देवस्थान एकट्याने देऊ शकत नाही. चित्रीकरणाचे हक्क स्टुडिओचे की देवस्थानाचे हे आधी ठरवा, आणि कलाकारांचे हक्क वेगळेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ते ५० वर्षं टिकतात.

पायपेटी | मंगळवार, रात्री ९:१०

यूट्यूबसाठी तरी दशावतारी मंडळाशी बोलणं झालंय. त्यांची अट एकच, सुरुवातीला सगळ्यांची नावं हवीत, पडद्यामागच्यांचीसुद्धा. कॉमन्सचं लेखी घ्यावं लागेल, विचारते.

संकासुर सुधारला! झग्याच्या चुण्यासुद्धा दिसतायत. उजव्या ट्रॅकवर खरंच कॅमेऱ्याचा माइक होता, त्यावर कोणीतरी सतत चहावाल्याला हाका मारतंय. थोडासा ठेवलाय.

वेबसाइटसाठी किती बिटरेट ठेवू? आमच्याकडे वाडीत रेंज असते-नसते.

फ्रेमवाला | मंगळवार, रात्री ९:५०

चहावाला राहू द्या, तोही जत्रेतलाच.

७२०पी ला ४ एमबीपीएस धरलं तर तासाला १.८ जीबी. वाडीतल्या नेटसाठी ४८०पी, २५ फ्रेम, १ एमबीपीएसची दुसरी प्रत करा, तासाला ४५० एमबी. दोन्हींमध्ये आपोआप बदल हवा असेल तर एचएलएस, फाइलीचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवतात, रेंज बघून प्लेअर निवडतो. पण होस्टिंग साधं असेल तर त्या भानगडीत न पडता पानावर यूट्यूबचाच व्हिडिओ एम्बेड करा आणि खाली ४८०पी डाउनलोडची लिंक द्या. लोक एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावतील.

घाटपायथा | मंगळवार, रात्री १०:१५

आणि व्हॉट्सॲपवर पाठवाल तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ते दाबून चिखल करतं. ४८०पी चे तास-तासाचे भाग सहज जातील.

पायपेटी | बुधवार, सकाळी ८:२०

हे करते. आणखी एक: डिस्कवर २००७ च्या फोल्डरमध्ये पीआरप्रोज नाहीच, व्हीईजी फाइली आहेत. त्या नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसता कचरा, ७-झिपही नाही म्हणतं.

फ्रेमवाला | बुधवार, सकाळी ९:०५

ते व्हेगास, आणखी एक एडिटिंग सॉफ्टवेअर. तेव्हा सोनीचं होतं, २०१६ मध्ये मॅजिक्सने घेतलं. फाईल बंद बायनरी असते, आत डोकावून पत्ते सहज वाचता येत नाहीत, व्हेगासमध्येच उघडावी लागेल. ट्रायल घ्या, ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवून उघडा, मीडिया सापडला नाही तर ते कुठला पत्ता शोधतंय ते खिडकीत दाखवेल, तो इथे लिहा. टायटलांचा फॉन्ट आता तुमच्याकडे आहेच. मास्टरची सेटिंग्ज वरचीच, फील्ड ऑर्डर मात्र रेंडर करण्यापूर्वी प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये तपासा. उलटी गेली तर तलवार पुढे-मागे थरथरते.